जागा शिल्लक नाही

मंगळवार, ३ जून

प्रिय आत्या,

व्हिडिओ फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "सर्व्हर" म्हणाले, ते तू ओठांवरून "सासर" ओळखलंस आणि माझं लग्न ठरलं म्हणून जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून आलीस. अजून कोणकोण मला आशीर्वाद पाठवतात. तेव्हा लेखीच बरं. ताई म्हणाली, सकाळचा चहा झाला की तू संगणक उघडून बसतेस आणि पोटची लेक असूनही तिला जवळ फिरकू देत नाहीस.

तर, तुझ्या खुर्चीत बसून मला पाच आठवडे झाले. तू वाचनालय सोडून नऊ वर्षं झाली, मधे दोघं येऊन गेले, तरी सगळे या खोलीला "मशीनवाल्या बाईंची खोली" म्हणतात आणि ती बाई म्हणजे मी नव्हेच. नवीन मशीन आलंय. जुन्यावरचं सगळं सामान जसंच्या तसं त्यावर आणलं, जुनं भंगारात गेलं आणि तोवर देवघेव वहीवर चाललीय. सोमवारी, सोळा तारखेला, सहाही शाखांची देवघेव या मशीनवरून सुरू व्हायला हवी. नाही झाली तर समिती सगळं काम बाहेरच्या कंपनीला देणार आणि माझ्या खोलीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवणार. ग्रंथपालबाईंनी हे मला चहा देता देता सांगितलं, त्यामुळे चहा काही गोड लागला नाही.

घोडं अडलंय ते असं. मशीनला सोळा जीबी मेमरी आहे. पुस्तकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसला म्हटलं, त्यातली दोन जीबी तू घे, ऐसपैस बस. तो सुरूच होईना. आधी म्हणाला, मागणी अमान्य. मग मी तुझी निळी वही काढली. त्यात तू दोन मर्यादा लिहून ठेवल्या आहेस. पहिली वाढवली. दुसरीसमोर लाल शाईत लिहिलंयस, "याला हात लावायचा नाही", म्हणून नाही लावला. बघ, किती गुणी आहे मी! तर आता नवीन तक्रार: "डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही." हे निदान शेंबड्या पोरालाही कळेल. डिस्क भरली. नऊ वर्षांची अडगळ आहे इथे, भरणारच. आज संध्याकाळी झाडू घेते हातात.

त्याची काळजी तू करू नकोस, ते मी बघते. मला विचारायचंय वेगळंच. खिडकीजवळच्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे असते?

तुझी गुणी भाची

बुधवार, ४ जून

घाईबाई,

थांब! जिथे असशील तिथे दोन्ही हात वर कर. हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत कीबोर्डला बोट लावलंस तर याद राख.

डिस्क भरलेली नाही. किती भरलीय ते पाहिलंस का? एका ओळीचा हुकूम, तीन सेकंदांचं काम. नसणारच पाहिलं. तू तीन वर्षांची असताना बूट घालून मग मोजे शोधायचीस, तशीच राहिलीस.

तो निरोप मुलखाचा लबाड आहे. जागा नाही म्हणतो, पण कुठे नाही ते सांगत नाही. तुला वाचनालयाच्या भाषेत सांगते. डिस्क म्हणजे कपाटं. मेमरी म्हणजे मधलं मोठं वाचनाचं टेबल. डेटाबेसची पाच-पंचवीस कामं एकाच वेळी चाललेली असतात आणि त्या सगळ्यांना एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांच्या वह्या बघायच्या असतात. या सामाईक जागेवर पहारा असतो कर्नलचा, म्हणजे युनिक्सच्या पोटातल्या मुख्य कारभाऱ्याचा. त्याच्या दोन पाट्या असतात. एकीवर लिहिलेलं असतं, एका मंडळाला जास्तीत जास्त किती जागा. दुसरीवर, सगळ्यांना मिळून एकूण किती. तू पहिली पाटी बदललीस. दुसरी माझ्या वेळची राहिली. तेव्हाचं मशीन मुठीएवढं, तेव्हा ती पाटी बरोबर होती. आता टेबल सोळा जीबीचं आणि पाटी जुनीच, म्हणून कर्नल म्हणतो जागा नाही. आणि टेबलाशी माणसं मावेनात म्हणून तू निघालीस कपाटं रिकामी करायला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

लाल शाई माझी, हे कबूल. "हात लावायचा नाही" लिहिलं, पण का ते लिहिलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तेव्हा आता लाव हात. तिथे ७८६४३२ लिही, म्हणजे तीन जीबी होतील. दोनला दोन नको, डेटाबेसला वरखर्चाला थोडी जास्त लागते. आणि लक्षात ठेव, हा आकडा पानांचा आहे. कर्नल मेमरी पानांनी मोजतो.

आणखी एक. झाडू घेतलाच असशील तर "आजु" नावाच्या फोल्डरजवळ नेऊ नकोस. आ म्हणजे आवाज, जु म्हणजे जुळवलेले. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी मी पुस्तकं मोठ्यानं वाचून ठेवली आहेत, ती आहेत त्यात. हे लाल शाईत लिहिलंय असं समज.

कपाटाला किल्ली नाही. खांद्यानं ढकल, उघडतं.

आत्या

गुरुवार, ५ जून

प्रिय आत्या,

कपाट उघडलं. आत तुझी छत्री आणि एक बूट होता. एकच.

डिस्क पाहिली. शंभरात एकतीस भरलीय. तुझं सगळं खरं, माझं सगळं खोटं, समजलं. तू म्हणालीस तसं ७८६४३२ लिहिलं. दोन्ही ओळींत लिहिलं, म्हटलं दोन्ही पाट्या सारख्या असलेल्या बऱ्या. फाइल जपून ठेवली, सिस्टीमला ती पुन्हा वाचायला लावली, डेटाबेस सुरू केला. आणि तो परत पहिल्या पाढ्यावर! मागणी अमान्य. आगीतून फुफाट्यात. काल निदान जागा नाही म्हणत होता, आज तोंडावर नाहीच म्हणतो.

बाबा विचारतात, हे कर्नल कोण? जेवताना मी म्हणाले की कर्नलनं परवानगी दिली नाही. तेव्हापासून ते फार मायेनं बोलताहेत आणि म्हणतात, लष्करातला माणूस शिस्तीचा असतो, नाही म्हणाला तरी मन खट्टू करू नकोस. लग्नाचं खूळ तुझ्याकडून त्यांच्याकडे गेलंय.

झाडूचं म्हणशील तर दोन-चार फुटकळ गोष्टी काढल्या. विशेष काही नाही. सहज विचारते, ते आजु आहे ना, त्याची आणखी कुठे प्रत वगैरे असते का? कॅसेटवर, कुणाकडे? घाई नाही, आठवलं तर सांग.

तुझी भाची

शुक्रवार, ६ जून

घाईबाई,

कपाळ माझं! अगं, एक पाटी अक्षरांची आणि एक पानांची. पहिल्या ओळीत बाइट मोजायचे. एक बाइट म्हणजे एक अक्षर धर. दुसऱ्या ओळीत पानं, आणि एका पानावर चार हजार शहाण्णव अक्षरं. तू दोन्हीकडे पानांचा आकडा ठोकून दिलास. म्हणजे कर्नलला सांगितलंस की एका मंडळाला आठ लाख अक्षरंसुद्धा मिळणार नाहीत. एवढ्यात डेटाबेस मांडीसुद्धा घालणार नाही. पहिल्या ओळीत लिही ३२२१२२५४७२. दुसरीत आहे तेच राहू दे. तुला विश्वास नसेल तर पहिल्याला चार हजार शहाण्णवनं भाग. मी कागदावर दोनदा भागलंय, आणि ताई वरून बघत होती म्हणून तिसऱ्यांदाही.

तुझ्या बापाला सांग, कर्नलला मिशा नसतात आणि जावई म्हणून तो निरुपयोगी आहे, रात्रंदिवस कामावर असतो.

आता आजुचं. तू आपणहून विचारलंस, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! नऊ वर्षांत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. प्रत कुठेच नाही गं. कॅसेट होत्या, त्यांवर मागाहून समितीच्या सभा टेपल्या. रोजची नक्कल दुसऱ्या डिस्कवर होते तेवढीच. त्यात लहान गोष्टी बऱ्याच आहेत, पण मुख्य म्हणजे ती दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी. पहिला भाग, सहाशे बारा पानं. पुस्तकांची खोली बंद झाली की तुझ्याच खोलीत बसून वाचायची. खिडकीला घोंगड्या लावायच्या, पंखा बंद, घाम नुसता निथळायचा. सातव्या प्रकरणात मला सर्दी झालीय, तेवढं सोसून घे. दुसरा भाग वाचायला घेणार तोवर कानांनी राम म्हटला. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसताना वाचायचं म्हणजे अंधारात रांगोळी. सोडून दिलं.

तर तू ऐक. ऐकलंस की मला लिही, मी कशी ऐकू येते. मला ते आता दुसऱ्या कुणाला विचारूनच कळायचं.

आत्या

मंगळवार, १० जून

प्रिय आत्या,

चालला! चालला! चालला!

शनिवारी दुपारी पहिल्या ओळीत तो रेल्वेगाडीएवढा लांब आकडा लिहिला, डेटाबेस सुरू केला आणि काही म्हणजे काहीच झालं नाही, नुसता शांतपणे चालू लागला. मी खुर्चीवर उभी राहिले. खाली पुस्तकांना पुठ्ठे घालणारे बाईंडरकाका वर धावत आले, त्यांना वाटलं उंदीर निघाला. काल दोन शाखा जोडल्या, आज आणखी दोन. नदीपलीकडच्या शाखेत पूर्वी एक पुस्तक शोधायला म्हणे अर्धं मिनिट लागायचं, तेवढ्यात लोक घरच्या गप्पा उरकायचे, आता बोट उचलायच्या आत उत्तर. ग्रंथपालबाई हसल्या. खरंच हसल्या, मला त्यांचा वरचा दात पहिल्यांदा दिसला.

निळ्या वहीत मी नवीन पान लिहिलंय. पहिली ओळ अक्षरांत, दुसरी पानांत, आणि दोन्हींपुढे "का" तेही लिहिलंय, बारा ओळी. बाबांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, मलाही कळलं, म्हणजे चांगलं लिहिलंयस.

हवा बरी आहे. ताईला सांग, तिनं मागितलेली विणकामाची पुस्तकं काढून ठेवलीत. बाकी सगळं ठीक.

तुझी भाची

बुधवार, ११ जून

घाईबाई,

शाबास! तुझ्या आत्यानं सकाळी सकाळी टाळ्या वाजवल्या आणि मांजर पळून गेलं.

पण बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाईंडर आला, उंदीर आला, ग्रंथपालबाईंचा दात आला, हवासुद्धा आली. आजु आलं नाही. मी विचारलं होतं, मी कशी ऐकू येते. "बाकी सगळं ठीक" हे वाक्य तू सात वर्षांची असताना माझ्याकडे राहायला आली होतीस तेव्हा आईला लिहिलं होतंस, आणि त्या दिवशी तू माझ्या शिवणयंत्राची सुई बोटात घुसवून घेतली होतीस.

काय झालंय?

आत्या

गुरुवार, १२ जून

आत्या,

मी पुसलं ते.

मंगळवारी, तीन तारखेला, तुला पत्र पाठवलं आणि तासाभरात पुसलं. सगळ्यांत मोठं फोल्डर कुठलं ते शोधलं, तर आजु. चाळीस जीबी. मला वाटलं आजु म्हणजे "आत्याचं जुनं". म्हटलं, आत्याची जुनी अडगळ, तिला काय लागणार आहे आता. उघडूनसुद्धा पाहिलं नाही. रोजची नक्कल त्याच रात्री झाली आणि तिकडूनही गेलं. तुझं "थांब" आलं तोवर सगळं संपलं होतं. डिस्कवरून परत काढता येतं का तेही पाहिलं, पण मधल्या दोन दिवसांत मी तिथेच सहाही शाखांच्या नोंदींच्या फायली उतरवून ठेवल्या होत्या. एक शब्दसुद्धा मिळाला नाही.

आणि तू लिहिलंस की तुला किती बरं वाटलं. मी ते वाचून न्हाणीघरात जाऊन रडले. सांगायचं होतं गं, रोज सांगायचं होतं, आणि रोज वाटायचं आधी डेटाबेस चालू दे, निदान एक तरी चांगली बातमी सोबत असू दे. लबाडी केली मी. जागा हवी म्हणून पुसलं, आणि जागा तर हवीच नव्हती.

तुझा आवाज होता तो. तुलाही परत मिळणार नाही असा. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही.

भाची

शुक्रवार, १३ जून

पत्र मिळालं.

आज काही लिहीत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं नंतर पुसता येत नाही. ग्रंथपालबाईंना सांगितलंस का? नसेल तर आधी ते कर. त्यांचीही वस्तू होती ती.

आत्या

गुरुवार, १९ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र नाही, तरी लिहिते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सोमवारी सहाही शाखा सुरू झाल्या. समितीचे लोक आले, बटणं दाबून पाहिली, गेले. माझी खोली वाचली. पण त्याआधी शुक्रवारीच मी ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, घालवून देतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ऐकणारे किती आहेत?" नोंदवहीत अकरा जण, शाखांत जाऊन ऐकणारे. "मग अकरा घरी स्वतः जायचं. फोनवर नाही. दारात उभं राहून सांगायचं." एवढंच.

आठ घरं झाली. एका आजीनं दारातच झापलं, एकांनी बसवून पाणी दिलं. पण तुला सांगायचंय ते काल भेटलेल्या खुर्च्या विणणाऱ्या काकांचं. स्टेशनामागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली, भिंतीला वेताची भेंडोळी आणि मधे पाय नसलेली एक खुर्ची उलटी. मी सांगितलं. त्यांचे हात क्षणभर थांबले. म्हणाले, "दीपगृहसुद्धा?" मी हो म्हणाले. "अरेरे," म्हणाले, आणि परत विणायला लागले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग तेच बोलायला लागले. कादंबरी त्यांनी नऊ वर्षांत सहा वेळा ऐकलीय. म्हणाले, "सातव्या प्रकरणात बाई शिंकतात आणि 'माफ करा हं' म्हणतात. मी दर वेळी 'असू दे' म्हणायचो." एक आख्खं पान त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, तुझ्या चालीवर. कुठे श्वास घेतेस तेही. त्यांच्या तोंडून मी तुला ऐकलं, आत्या. अर्धं पान झालं आणि मला दिसेनासं झालं.

आणि मग त्यांनी विचारलं, "बाई आहेत ना अजून?" आहेत म्हटलं. "मग पुढचं का वाचत नाहीत? पहिल्या भागाच्या शेवटी रखवालदाराची मुलगी वादळात होडीत बसते. नऊ वर्षं झाली, ती होडीतच बसलीय. किनाऱ्याला लागली की नाही?" मी घाईघाईनं सांगायला गेले, कारण दुसरा भाग मी परवाच वाचून काढलाय. तर वेताची काडी माझ्यावर उगारली. "चूप! तुम्ही नाही सांगायचं. बाई सांगतील."

हा निरोप पोचवायला सांगितलाय, म्हणून लिहिलं.

तुझी भाची

सोमवार, २३ जून

घाईबाई,

दहा दिवस मी तुझ्यावर चिडून होते. खोटं कशाला सांगू, दोन दिवस तर तुझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तू इथे नसल्यामुळे ते सोपं गेलं. फोल्डर पुसलंस त्याचा राग कमी. "विशेष काही नाही" लिहिलंस त्याचा जास्त. मी लाल शाईचं कबूल केलं तेव्हा तूही करायचं होतंस, एका दमात दोघी मोकळ्या झालो असतो.

पण मला ठाऊकच नव्हतं की कुणी ऐकतंय. मला वाटायचं, नोंदवहीत अकरा नावं आहेत ती नुसती नावं आहेत. आणि इकडे एक माणूस माझ्या शिंकेला उत्तर देतोय! नऊ वर्षं ती पोर होडीत बसलीय आणि मी इथे शब्दकोडी सोडवतेय. मला काल झोप लागली नाही, लाज वाटली.

तर मी येतेय. शनिवारी, दुपारच्या गाडीनं. दर शनिवारी येणार, दुसरा भाग संपेपर्यंत. आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, ते मला कळणार नाही, तेव्हा तू समोर बसायचंस. पेन्सिल वर केलीस की मोठ्यानं, खाली केलीस की हळू, आडवी धरलीस की थांबायचं. मधे बोलायचं नाही, खाकरायचं नाही. घोंगड्या धुऊन ठेव.

आणि पहिला भाग परत मी वाचणार नाही. तो तू वाचायचास. सहाशे बारा पानं, आणि इथे पान म्हणजे पानच, भागाकार करून सुटका नाही. रोज दहा पानं, सावकाश. एक शब्द गाळलास तर काका पकडतील, त्यांना पाठ आहे.

नक्कल दोन ठिकाणी ठेवायची. त्यातली एक काकांच्या घरी.

आत्या

सोमवार, १४ जुलै

प्रिय आत्या,

तीन शनिवार झाले, बारा प्रकरणं झाली. घोंगड्या वाळत घातल्यात. माझी त्रेसष्ट पानं झालीत. दहाच्या हिशेबात मी कधीच मागे पडलेय, पण काका म्हणतात, "तुमचा समुद्र जरा कोरडा आहे, पण सुधारेल."

आता एक विचारायचंय, म्हणून हे पत्र. विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

परवाच्या बाराव्या प्रकरणात रखवालदार वादळात आपली शेळी वर न्यायला बघतो आणि ती जिन्यात अडकते, आठवतं? तिथे तू थांबलीस. मी पेन्सिल हलवली नव्हती, तरी थांबलीस. तुझे खांदे हलत होते, मग तू डोळे पुसलेस आणि पुढे वाचायला लागलीस. नंतर चहा पिताना म्हणालीस, "कसंबसं हसू आवरलं गं, मनातल्या मनात हसले."

आत्या, तू मनातल्या मनात हसली नाहीस. तू खदखदून हसलीस. पूर्ण पंचेचाळीस सेकंद. खालून बाईंडरकाकांनी काय झालं म्हणून छताला काठीनं टकटक केली, तीसुद्धा आलीय. मी आज ते जुळवायला बसले आणि सवयीनं तेवढा तुकडा धरला, बोट पुसायच्या बटणावर गेलंसुद्धा. मग हात मांडीखाली घेतला. तसाच्या तसा काकांना नेऊन ऐकवला. ते इतके हसले की स्टुलावरून घसरले आणि मलाच धरावं लागलं. म्हणाले, हे काढलं तर मी वर्गणी बंद करीन. पण हसू तुझं आहे, त्यांचं नाही. ठेवू की काढू?

आणि तू जूनमध्ये विचारलं होतंस त्याचं उत्तर आता देऊ शकते. वाचताना तू मोठ्या बहिणीसारखी ऐकू येतेस, थोडी दटावणारी. हसताना तू अगदी बाबांसारखी ऐकू येतेस. मी दाराकडे वळून पाहिलं, बाबा आलेत की काय म्हणून.

तुझी भाची

मंगळवार, १५ जुलै

घाईबाई,

तुझं पत्र वाचून मी घाबरलेच. कान गेल्यापासून मी जपून असते. लोकांत माझा आवाज भलताच मोठा निघेल म्हणून बोलते हळू, आणि हसायचं ते तोंड मिटून, मनातच. नऊ वर्षं मी असंच समजत होते.

ताईला पत्र दाखवलं. म्हटलं, बघ, परवा माझ्याकडून चुकून मोठ्यानं हसणं झालं. तिनं कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आई, तू रोजच अशी हसतेस. पहिल्या दिवसापासून. खालच्या मजल्यावर ऐकू जातं." मी लिहिलं, मग आजवर एकानंही सांगितलं कसं नाही मला?

तिनं लिहिलं, "आम्ही इथल्या सगळ्यांनी ठरवलं होतं. सांगितलं असतं तर तू हसायची थांबली असतीस."

ठेव ते. शनिवारी दुपारच्या गाडीनं येते.

आत्या